न वाढणारं रक्त

वैजयंताबाई कानवडे यांनी एकतीस वर्षं खैरदऱ्याच्या अंगणवाडीत बायकांना लोहाच्या गोळ्या वाटल्या. समोरच्या बाईची खालची पापणी ओढून बघितली की रक्त आठ आहे की दहा, हे त्या मशीन लावायच्या आधीच सांगत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. पण पोटच्या मुलाचं रक्त त्यांना कधी साडेसातच्या वर नेता आलं नाही.

प्रयत्नांत कसूर नव्हती. हर्षद दोन वर्षांचा झाल्यापासून त्याची पालेभाजी लोखंडी कढईतच व्हायची. हळिवाचे लाडू, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे आणि रोज दुपारी एक गोळी. हर्षद निमूट खायचा. तो शाळेच्या शर्यतीत कधी धावला नाही, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करायचा. मोठा झाला, भूमापनाचं शिकला आणि ड्रोनने जमिनी मोजायच्या नोकरीला लागला. "बरं झालं ड्रोन आले. साखळी घेऊन बांध चढायची वेळ असती तर मी पहिल्या दिवशीच राजीनामा दिला असता," असं तो हसत सांगायचा. लग्न झालं. बायको केतकी, वाशीमकडची, संगमनेरातल्या एका कॉलेजात संगणक शिकवणारी. निवृत्तीनंतर वैजयंताबाईही संगमनेरलाच दोघांसोबत राहत होत्या. लग्नानंतर पाचव्या महिन्यात एका डाळिंबाच्या बागेत मोजणी करता करता हर्षद खाली बसला आणि मग आडवाच झाला.

तोवर तालुक्याला नवं रक्तकेंद्र सुरू झालं होतं. तिथे फ्रीजएवढं एक यंत्र होतं. चार थेंब रक्त दिलं की ते माणसाची सगळी जनुकं सकाळपासून दुपारपर्यंत वाचून काढायचं. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर तबस्सुम इनामदार पस्तिशीच्या होत्या. त्यांनी तिघांना समोर बसवलं.

"काकू, हर्षदच्या अंगात लोह कमी नाहीये. उलट जास्त आहे. फार जास्त."

वैजयंताबाईंना वाटलं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी आला.

"असं कसं होईल? पापणी बघा त्याची. पांढरी फटक आहे."

"रक्त कमीच आहे. पण लोह कमी नाही." डॉक्टरांनी जरा विचार केला. "लोह म्हणजे अंगठीतला खडा समजा. नुसता खडा असून भागत नाही, त्याला कोंदण लागतं. आपल्या मज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीत जिथे रक्त तयार होतं तिथे, हे कोंदण घडवणारा सोनार असतो. आणि त्याच्या हातातला चिमटा म्हणजे ब-सहा जीवनसत्त्व. हर्षदच्या सोनाराचा हात जन्मापासूनच वाकडा आहे. चिमटा हातात ठरत नाही, कोंदण होत नाही. खडे मात्र येतच राहतात. त्यांचा ढीग मग यकृतात पडतो, हृदयात पडतो."

 मग वैजयंताबाईंनी विचारलं, "म्हणजे मी इतकी वर्षं तो ढीगच वाढवत होते?"

डॉक्टर इनामदारांना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. "काही अंशी, हो. पण इतक्या वर्षांत त्याला ज्या ज्या डॉक्टरांनी तपासलं, त्या सगळ्यांनी तेच केलं, काकू. रक्त कमी दिसलं की लोह द्यायचं. बहुतेकांना ते लागूही पडतं. हा आजार लाखात एखाद्याला असतो."

"आला कुठून हा?"

"एक्स गुणसूत्रावरून. मुलाला ते आईकडूनच मिळतं. बायकांची दोन असतात, एक बिघडलं तरी दुसरं सांभाळून घेतं. तुमचीही तपासणी करून टाकू या का?"

"मला काय धाड भरलीय," वैजयंताबाई म्हणाल्या आणि उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. हर्षद मागोमाग आला. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी तो हात धरून नखं पाहिली. तीच जुनी सवय. नखं पांढरीच होती.

अशा आजाराच्या काहींना साध्या ब-सहाच्या गोळीनेच बरं वाटतं. हर्षदला ती महिनाभर देऊन पाहिली, फरक पडला नाही. त्याच्या सोनाराचा हात जरा जास्तच वाकडा होता. पण तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ब-सहाचंच एक चुलत भावंड तयार झालं होतं. या चिमट्याची मूठ अशी होती की वाकड्या हातातही ती बसावी. अडचण एकच. हवा आणि उजेड लागला की काही तासांत ते नासायचं. त्याची गोळी करता येत नव्हती, बाटलीत भरता येत नव्हतं. शेवटी कुणाला तरी सुचलं की ते बनवायचं काम दह्यातल्या जिवाणूंनाच शिकवावं. रोज ताजं दही लावायचं, ते पोटात गेलं की जिवाणू तिथेच औषध सोडत राहतात.

म्हणून हर्षदचं औषध घरी आलं ते स्टीलच्या छोट्या डब्यात, विरजण म्हणून. सोबत नियमांचा कागद होता. रोज एक वाटी, फक्त रुग्णाने खायची. निरोगी माणसाने हे दही दिवसेंदिवस खाल्लं तर पायांच्या नसा बधिर होऊ शकतात. घराबाहेर विरजण द्यायचं नाही. नियम मोडला तर पुरवठा थांबवला जाईल. देशभरात अशी अठराच घरं होती.

पहिल्या दिवशी वैजयंताबाई स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. "तूच लाव," त्या केतकीला म्हणाल्या. "माझ्या हातचं त्याने पुष्कळ खाल्लं."

केतकीने आयुष्यात दही लावलं नव्हतं. तिने थर्मामीटर आणला, मोबाइलवर गजर लावला, दुधाचं तापमान वहीत लिहिलं. सकाळी भांड्यात पांढरं पाणी आणि तळाशी गाळ. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दुधाच्या पातेल्यासमोर रडकुंडीला येऊन उभी होती. डब्यात आता दोन चमचेच विरजण उरलं होतं.

"सरक," मागून आवाज आला. वैजयंताबाईंनी हात धुतला, करंगळी दुधात बुडवली. "अजून गरम आहे. करंगळीला चटका नाही आणि थंडावाही नाही, असं झालं की लावायचं. तुझ्या त्या काचेच्या नळीला काय कळतंय."

"तुम्ही लावणार?"

"दोघी मिळून लावू. चुकलं तर दोघींचं."

सकाळी दही सुरीने कापता येईल असं लागलं होतं. हर्षदने वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाला, "आई, गोळीपेक्षा हे बरंय." वैजयंताबाई हसल्या, त्या रिपोर्टनंतर पहिल्यांदा.

आठवड्यामागून आठवडे रक्त चढत गेलं. साडेसात, आठ पॉइंट एक, साडेनऊ. लोह बाहेर काढायचं औषधही चालू होतं. चौथ्या महिन्यात हर्षद ऑफिसचा जिना न थांबता चढला आणि वर गेल्यावर त्याला कळेना की आता पुढे काय करायचं, म्हणून पुन्हा उतरून पुन्हा चढला. ते त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा केतकी इतकी हसली की तिला ठसका लागला.

याच दिवसांत वैजयंताबाईंचंही काहीतरी बदलत होतं. जेवण झालं की हर्षदचं दह्याचं भांडं त्या स्वतः घासायच्या. भांड्याच्या कडेला दही चिकटलेलं असायचं. ते नळाखाली वाहून घालवायला त्यांचा हात धजेना. अन्न टाकायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. त्या भांड्यात घोटभर पाणी घालत, बोटाने कडा निपटत आणि पिऊन टाकत. नियम त्यांना पाठ होता. पण खरवडीला कोण दही म्हणतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

दोन महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. दुपारी आडवं व्हावंसं वाटत नाही. एके दिवशी त्यांनी माळ्यावरचे सगळे डबे काढून घासले आणि पुन्हा चढवले. इतकी वर्षं त्या थकव्याला 'वय झालं' म्हणत होत्या. त्याआधी 'बाळंतपण झालंय', त्याआधी 'शेतात काम पडतं' म्हणत होत्या.

केतकीने त्यांना भांडं तोंडाला लावलेलं पाहिलं तो रविवार होता.

"आई! काय करताय? पाय बधिर होतील ना तुमचे!"

वैजयंताबाई चोरी पकडल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पाय काही झाले नाहीत गं. उलट... मला बरं वाटतंय."

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

केतकी स्टुलावर बसली. तिला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग तिच्या डोक्यात काहीतरी जुळलं. "आई, तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलं?"

एकतीस वर्षं गावाचं रक्त तपासणाऱ्या बाईला उत्तर आठवेना.

डॉक्टर इनामदारांनी दुसऱ्याच दिवशी ते तपासलं. दहा पॉइंट आठ. जुन्या कागदांत हर्षदच्या जन्माच्या वेळचा त्यांचा आकडा सापडला, साडेआठ. "बायकांच्या प्रत्येक पेशीत दोनांतलं एकच एक्स काम करतं, दुसरं झोपलेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्यात पहिल्यापासून बिघडलेलंच जास्त जागं होतं. वयाबरोबर आणखी जागं झालं. तुम्ही अर्ध्या नाही काकू, जवळजवळ पूर्ण पेशंट आहात. खरवडीवर बऱ्या होत आलात."

आता प्रश्न नियमाचा होता. घरी परत येताना रिक्षात केतकी म्हणाली, "संस्थेला सांगितलं तर विरजण बंद करतील. डॉक्टरांना विनंती करू. त्या नाही सांगणार."

"सांगायचं," वैजयंताबाई म्हणाल्या.

"आई, हर्षदचं रक्त खाली येईल."

"ते मला कळत नाही का? पण माझ्यासारख्या आणखी किती जणी असतील त्या अठरा घरांत? त्याही भांडी घासत असतीलच की. कुणाला खरवडीने फायदा होत असेल, कुणाचे पाय जात असतील. मी गप्प बसले तर त्यांचं कुणाला कळणार?"

संध्याकाळी त्यांनी हर्षदला सगळं सांगितलं. त्याने आईचा हात धरून तिची नखं पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे लहानपणी तू मला कडेवर घेऊन टेकडी चढायचीस, ते साडेआठ रक्तावर?"

"तुझंही वजन कुठे होतं?"

"सांग त्यांना," तो म्हणाला. "बंद केलं तर केलं. जिना मधे थांबून चढायची सवय आहे मला."

संस्थेने खरोखरच पुरवठा थांबवला. चौकशीला पुण्याहून दोघे आले, बाईंना उलटसुलट विचारून गेले. चार आठवड्यांत हर्षदचं रक्त अकरावरून सव्वादहावर आलं आणि घरात कुणी त्या आकड्याचं नाव काढेना. वैजयंताबाई रोज संध्याकाळी सवयीने दूध तापवत आणि साधंच दही लावत. पाचव्या आठवड्यात कुरियर आलं. दोन डबे होते. एकावर हर्षदचं नाव होतं, दुसऱ्यावर त्यांचं. सोबत पत्र, की यापुढे प्रत्येक रुग्णाची आई आणि बहीण यांचीही तपासणी होईल. त्या अठरा घरांतल्या आणखी चार बायका सापडल्या होत्या.

केतकीने पेढे आणले. पण वैजयंताबाई दुसऱ्याच विचारात होत्या. त्यांना खैरदऱ्याच्या बायका आठवत होत्या. गोळ्या देऊन देऊनही ज्यांचं रक्त वाढलं नाही त्या. त्यांनी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला नावं लिहिली. नऊ झाली.

पुढचे चार रविवार सासू-सून एसटीच्या विजेवरच्या गाडीने खैरदऱ्याला गेल्या. आठ जणींचा निकाल लवकर लागला. एकीला जंत होते, दोघींच्या अंगावरून जास्त जायचं, त्याचे उपचार आता झाले होते. उरलेल्या पाच जणींनी हसत कबुली दिली. "खरं सांगू का बाई, त्या गोळीनं मळमळायचं. मी गुलाबाच्या कुंडीत पुरायची," एक म्हणाली. "पण गुलाब लई फुलला!"

नववी यमुना दिघे. तिच्याकडे जायचं वैजयंताबाईंनी शेवटासाठी ठेवलं होतं. सतरा वर्षांपूर्वी, वजनाच्या दिवशी, भरल्या अंगणवाडीत त्यांनी यमुनाला फैलावर घेतलं होतं. सहा महिने गोळ्या देऊनही तिचं रक्त सात. "सरकार फुकट देतंय आणि तू फेकून देतेस! वर खोटं बोलतेस, खाते म्हणून!" यमुना तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. ती तशीच उठून निघून गेली होती. त्यानंतर अंगणवाडीत ती कधीच आली नाही. पोराला तिची जाऊ घेऊन यायची.

यमुना अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिने बाईंना ओळखलं, पण उठली नाही. चेहरा मेणासारखा होता. पापणी ओढून बघायची गरजच नव्हती.

"यमुना, एक विचारायला आलेय. त्या गोळ्या तू खात होतीस का?"

"तवा सांगितलं व्हतं की."

"मी ऐकलं नाही. आता सांग."

यमुनाने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "एक बी चुकवली न्हाई. पोरासाठी खायची. उलटी झाली तर दुसरी खायची. तुम्ही चारचौघींत बोलल्या, अन् तवापासून सासू म्हणती, हिला रोग न्हाई, हिला काम नको. आळशी म्हणूनच नाव पडलं माझं. मलाबी वाटाया लागलं, आसन आपण आळशीच."

वैजयंताबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "माझं चुकलं. माझ्या मुलाचंही असंच होतं आणि मला घरातलंही कळलं नाही. तू माझ्याबरोबर तालुक्याला चल. चार थेंब रक्त द्यायचं फक्त."

"आता काय करायचं, बाई? आर्धं आयुष्य गेलं."

"उरलेलं आहे ना."

यमुनाने सूप बाजूला ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता एक जुना हट्ट होता. "बरं व्हायचं राहू द्या. पण मी खोटं बोलत नव्हते, एवढं तुमच्या मशीनला सांगाया येत असंल, तर येते."

यंत्राने ते दुपारपर्यंत सांगितलं. त्याच जनुकात बिघाड, पण वेगळ्या जागी आणि सौम्य. यमुनाला चुलत भावंडाची, विरजणाची काहीच गरज नव्हती. तिला साधी ब-सहाची गोळी पुरणार होती. क्षयाच्या रुग्णांना इतर औषधांबरोबर देतात तीच. ही सगळी वर्षं ती गोळी गावच्या उपकेंद्राच्या कपाटात होती, लोहाच्या गोळ्यांच्या शेजारच्या खणात. ते कळल्यावर डॉक्टर इनामदार चष्मा काढून नुसत्या पुसत बसल्या.

तीन महिन्यांनी यमुना एकटीच संगमनेरला आली. स्टँडपासून कानवड्यांच्या घरापर्यंत चालत आली होती. केतकीने दार उघडलं तर तिने ओळखलंच नाही. ओठांना रंग होता, हातात वांग्यांची पिशवी होती. पाणी प्यायल्यावर तिने रिपोर्टचा कागद काढला. अकरा.

"मला याचं काय कळंना," ती वैजयंताबाईंना म्हणाली. "सासूला दाखवला, तर म्हणती कागदावर कुणी बी काही लिव्हतं. बाई, तुम्ही गावात येता का? मंगळवारी वजनाचा दिस हाये. तवाच्या सगळ्याजणी आता नातवंडं घेऊन येत्यात. जे तवा बोलल्या, तिथंच येऊन आता काय ते बोला."

वैजयंताबाईंनी केतकीकडे पाहिलं. केतकी म्हणाली, "मी रजा टाकते."

मंगळवारी अंगणवाडी भरली होती. नव्या सेविकेने वजनकाटा बाजूला सरकवून बाईंना जागा करून दिली. गुलाबवाली होती, जाऊ होती, आणि दाराजवळच्या भिंतीला टेकून यमुनाची सासू बसली होती, काठी मांडीवर आडवी धरून. यमुना मात्र अगदी पुढे बसली होती, पदर नीट घेऊन.

वैजयंताबाई उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं याच खोलीत त्या सहज बोलल्या होत्या, पण आज त्यांनी आधी यमुनाकडे पाहिलं.

"सतरा वर्षांपूर्वी मी इथे यमुनाला बोलले होते, गोळ्या फेकून देतेस म्हणून. ती एकही गोळी फेकत नव्हती. तिला आजार होता आणि मला तो ओळखता आला नाही. ती खरं बोलत होती. खोटं मी ठरवलं. ती आळशी नव्हती, कधीच नव्हती. सात रक्तावर तिने घर केलं, शेत केलं, लेकरं वाढवली. मला तिची माफी मागायची आहे."

 एका तान्ह्या मुलाने जांभई दिली. यमुना मान वर करून बाईंकडे बघत होती. मग तिने हळूच मागे वळून दाराकडे पाहिलं. सासू कानाला हात लावून, कपाळाला आठ्या घालून बसली होती.

यमुना पुन्हा पुढे वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"जरा मोठ्यानं सांगा, बाई," ती म्हणाली. "मागं ऐकू गेलं न्हाई."